पंचात माझं नाव निघालं

२९ जाने., बुध.
फोन आला. बाई. "अभिनंदन, मतदार यादीतून चिठ्ठी काढून तुमचं नाव निघालंय. माणसाचे जीन बदलावेत का, यावर सामान्य नागरिकांचे पंच बसवून मत घ्यायचंय."
वाटलं, आमचा दोस्त सल्या. मागं मी त्याला 'सिनेमात घेतलंय' म्हणून नवा शर्ट घालून स्टँडवर उभा केलेला. त्याचा सूड असणार. म्हणलं, "सल्या, बाईचा आवाज लई भारी काढलास. आता जरा लाजून दाखव."
पलीकडं बाई घसा खाकरली. मग, "सर, मी संस्थेतून बोलतेय."
सर! बारावी नापासाला सर म्हणती म्हणजे खरीच बाई.
मंडपवाले अण्णा, म्हंजे आमचे मालक, म्हणले, "तू पंच? सोलापूरचं काय खरं न्हाय." पण रविवारी सोडतो म्हणले.

२ फेब्रु., रवि.
होटगी रोडला हॉल. एसी. पंधरा जण. माझ्या शेजारी पद्मा मावशी, विड्या वळत्यात. समोर चौगुले सर, रिटायर मास्तर, खिशाला तीन पेन.
डॉक्टर मॅडमनी सांगितलं ते असं. शरीरात सगळ्याची सूचना लिहिलेली असती. त्यातली चूक आता कापून दुरुस्त करता येती. आजारी माणसाची केली तर त्याच्यापुरती. गर्भातच केली तर त्याची पोरं, नातवंडं, सगळ्यांत जाणार. ह्या दुसऱ्याला आपल्याकडं बंदी हाय. उद्या उठवावी का, ते आमी सांगायचं. आमी!
उदाहरण दिलं थॅलेसेमियाचं. 
परीला तेच हाय. ताईची पोरगी, सहा वर्साची. दर तीन आठवड्याला रक्त भरायचं. शाळेत कावीळ सांगितलंय. घराबाहेर कुणाला माहीत न्हाय.
मी भजी खात बसलो. भजी चांगली होती.

९ फेब्रु., रवि.
आज लई घोळ.
सकाळी सगळे जांभया देत होते. चहा आला. मी उठलो, तोंड गंभीर. "हे दूध जीन बदललेल्या म्हशीचं हाय. मॅडमनी तुमची परीक्षा घ्यायला मागवलंय." चौगुले सरांनी तोंडातला घोट परत कपात सोडला. एकानं खिडकीतनं ओतला. पद्मा मावशी पीत राहिल्या. "म्हशीला काय झालं न्हाय, मला काय हुतंय." मॅडम रागावल्या, पण हसू आवरेना. म्हणल्या, बघा, नुसत्या नावाला किती भ्यालात.
इथवर मजा.
जेवण झाल्यावर सर उठले. "गर्भबिर्भ राहू द्या. आधी नात्यातली लग्नं कायद्यानं बंद करा. अडाणी आया पोरीला स्वतःच्या भावाच्या गळ्यात बांधतात, तिथनंच हे आजार येतात." मॅडम म्हणल्या, नात्यात धोका वाढतो खरा, पण नातं नसलेल्या जोडप्यातबी होतो, दोघांच्यात दोष असला की. ऐकतंय कोण. सगळ्यांच्या माना हलायल्या.
मी उठलो. "माझ्या आईनं दिलीय. ताईला आमच्या मामाला. माझी भाची परी, तिला..."
सर म्हणले, "बसा. सकाळी म्हैस, आता भाची."
अख्खा हॉल हसला. मीबी हसलो. का हसलो मी.
बाहेर चपला घालताना पद्मा मावशी जवळ आल्या. "खरं हाय न्हवं?"
"व्हय."
"आमच्यातबी देत्यात मामाला. माझी धाकटी दिलीय. एक नातू गेला माझा."
"मग आत बोला की!"
"तू बोललास. काय झालं?"

१३ फेब्रु., गुरु.
परीला रक्त द्यायला ताईसंगं गेलो. परी झोपल्यावर म्हणलं, शेवटच्या रविवारी घरचं माणूस आणलं तरी चालतंय. तू ये. माझ्यावर कोण विश्वास ठेवीना.
"आन् धाकट्या मामाचं लग्न? घरात असला आजार हाय कळलं तर कोण पोरगी देईल? आईला तितं अडाणी म्हणणार, मी ऐकत बसू?"
"बरं, ते राहू दे. गर्भात दुरुस्त करू द्यावं का, तेवढं सांग. मला हात वर करायचाय."
ती पिशवीतलं रक्त बघत बसली.
"मला दुसरं लेकरू पायजे. आन् ते बरं पायजे. पण हे परीसमोर विचारू नको."
"झोपलीय की ती."
"तरी."

१५ फेब्रु., शनि.
माझं थोबाड.
परीला रक्त भरलं की आई दोन दिवस उतरलेली असती. हसवायला म्हणून चौगुले सरांची नक्कल केली. पेन, चष्मा, कपात सोडलेला घोट. ती पदर तोंडाला लावून हसली. मी चढलो. नकलेच्या भरात 'अडाणी आया' तोंडातनं गेलं.
हात थांबला तिचा. तव्यावरची भाकरी करपली.
"त्या मास्तरनं आपल्या पोरी कुटं दिल्या?"
"मला काय माहीत."
"परक्यात पोरगी जळालेली बघितलीय मी. आपल्याच गल्लीत. माझा भाऊ मारणार न्हाय, उपाशी ठेवणार न्हाय, म्हणून दिली." मग करपलेली भाकरी काढत, "न्हाय मारलं त्यानं."
जेवली न्हाय.

१६ फेब्रु., रवि. सकाळी
आज शेवटचं. सगळ्यांचं मत लिहून वर सरकारकडं जाणार.
आई इरकल नेसून खाली माझ्या गाडीपाशी उभी. मी सांगितलेलं न्हाय, बोलावलेलं न्हाय.
वरनं विचारलं, "तू काय बोलणार तितं?"
"ते मी बघती."
"धाकट्या मामाचं?"
"भाऊ माझा हाय."
ताईला फोन करावा? केला तर ती थांबव म्हणणार. न्हाय केला तर तिची गोष्ट तिला न विचारता हॉलभर. आन् माझा हात वर करायचा का खाली ठेवायचा, तेबी अजून ठरंना. रात्री ठरलेलं, व्हय. दात घासताना, न्हाय. आता परत...
हॉर्न वाजवायलीय. गाडी येत न्हाय तिला. हॉर्न तेवढा येतो.