चोकच्या बटणावरची पिशवी

तीर्थस्वरूप भागाअक्काच्या पायांवर धाकट्या अभिमनचा दंडवत. इकडे सगळे बरे आहोत, तुझ्या भावजयीचा, बेबाबाईचा गुडघा आणि माझं तोंड सोडून (गुडघा दुखतो, तोंड दाखवायला जागा नाही). तुझी साखर कशी आहे, म्हैस व्याली का, ते कळव. फोनवरच विचारलं असतं, पण तू उचलत नाहीस. एकदाच उचललास आणि एवढंच म्हणालीस, "तू मोटार संभाय भाऊ, मी मना घर बरी शे." तेव्हापासून घास गोड लागत नाही.

अक्का, आखाजीच्या सणाला तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून मी निघालोच नाही, असं तुझ्या गल्लीत कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. पुतण्या कुंदन त्याची नवी गाडी देत होता. मीच म्हटलं, बहिणीला दर साली ज्या मोटारीतून आणली, तिच्यातूनच आणणार. चोपड्याला तुझ्याकडे येताना विदगावचा पूल ओलांडला आणि ती खोकायला लागली. काळा धूर सोडला आणि एका केळीच्या बागेपाशी अडेल बैलासारखी बसलीच. प्लग काढले तर चारही तव्याच्या बुडासारखे काळे. पुसले, लावले, चालली, पुन्हा बसली. दर वेळी प्लग पुसून झाला की तुला फोनवर "आलोच" म्हणायचो, आणि त्या "आलोच"वर तू नवं लुगडं नेसून दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसून राहिलीस, स्वतःच्या मुलाच्या गाडीतही बसली नाहीस. मी इकडे केळीवाल्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून माघारी. लग्न झाल्यापासून तुझी आखाजी माहेराला कधी चुकली नव्हती. ती माझ्या हाताने चुकली.

दुसऱ्या दिवशी आधी पेट्रोलला शिव्या दिल्या, मग शेजारच्या पुनाच्या नजरेला (नजर वाईटच आहे, पण या बाबतीत निर्दोष). मग प्लगवर बोट फिरवून पाहिलं. काजळी तेलकट असती तर इंजिनच म्हातारं झालं म्हणायचं. ही कोरडी, डोळ्यात घालावी तशी. म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर झटकला, कार्बुरेटर उघडून परत बसवला (एक स्क्रू उरला, तो जपून ठेवला आहे). फरक नाही. तेवढ्यात बेबाबाईने धुवायला म्हणून तुझी पिशवी काढली.

हो, तुझीच पिशवी. गेल्या सालच्या आखाजीनंतर तुला सोडायला आलो तेव्हा समोरच्या चोकच्या बटणाला अडकवून विसरलीस ती. हे बटण थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजायला ओढायचं आणि इंजिन गरम झालं की आत ढकलायचं. पिशवीचे बंद मागे अडकल्यावर ते आत जाणार कसं? पिशवी मी परत द्यायला हवी होती. पण ती दिसली की अक्का शेजारी बसल्यासारखी वाटायची. रोज सकाळी अंगणात मोटार नुसती चालू करायचो, घटकाभर पिशवीशी सुखदुःखाचं बोलायचो, आणि मोटार जागच्या जागी पेट्रोल पिऊन काजळी धरायची. लेकराला मांडीवरच ठेवून गूळ चारावा आणि पाय जमिनीला लागू देऊ नये, तशातली गत. पिशवी निघाली, बटण आत गेलं. प्लग घासून भुसावळपर्यंत जाऊन आलो, तर ते भाजलेल्या रव्यासारखे तांबूस, म्हणजे मोटार ठणठणीत.

मी बेबाबाईला म्हटलं, बघ, अक्काच्या पिशवीनेच अक्काची वाट अडवली. ती म्हणाली, "पिशवीशी वर्षभर बोललात. तेवढं चोपड्याला जाऊन अक्कांशी बोलला असता तर?"  याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

तुझा चुकलेला मुराळी,
अभिमन

ता. क. आखाजीला निंबाला बांधलेला झोका अजून सोडलेला नाही. बेबाबाई म्हणते, घरची लेक बसल्याशिवाय दोर उतरवायचा नाही. रविवारी न्यायला येतो, एसटीने. "आलोच" म्हणणार नाही, आल्यावर दिसेनच. परत सोडायला मात्र मोटारच.

आणखी एक. पिशवी धुऊन ठेवली आहे. परतताना मोटारीत पुन्हा विसरलीस तरी चालेल, तिच्यासाठी डाव्या दाराला मी वेगळा खिळा ठोकला आहे. (तेव्हापासून त्या दाराची काच वर होत नाही. तेवढं पदराने सांभाळून घे.)