कामेनब्रोदच्या झाडावरचं वर्तमानपत्र

कामेनब्रोद,
दिमितार संतांच्या सणाआधीचा आठवडा

आदरणीय हारालांपीमामा यांस,

यासेनचा तुमच्या हातावर ओठ टेकून नमस्कार. तुमचा रक्तदाब, त्सोन्कामामींची कंबर आणि अंगणातल्या वेलाची यंदाची वाईन, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. माझ्या प्रकृतीबद्दल म्हणाल तर मी जिवंत आहे. पत्रात असं वाक्य सहसा लिहावं लागत नाही, पण काल आईने फोनवर जे सांगितलं त्यानंतर ते सगळ्यात आधी लिहिणं भाग आहे. माझं शोकपत्रक पाहिल्याबरोबर म्हणे तुम्ही दुकानातली ओकची शवपेटी माझ्यासाठी बाजूला काढलीत (पितळी कड्यांची, जिला तुम्ही चांगल्या चांगल्या गिऱ्हाइकांना हात लावू देत नाही), आणि मामींनी मयताच्या नावाने वाटायचे गहू भिजत घातले. हे ऐकून माझा ऊर भरून आला. कुटुंबात आपल्याला एवढी किंमत आहे हे माणसाला जिवंतपणी सहसा कळत नाही. तर पेटी परत जागेवर ठेवा, आणि ते गहू मामींनी शिजवून, साखर-अक्रोड घालून तुम्हीच खा. विनंती विशेष अशी काही नाही. झाल्या प्रकाराचा खुलासा करावा एवढ्यासाठीच लिहितो आहे.

माझं काम नेमकं काय हे तुम्ही मला दर ईस्टरला विचारता आणि दर ईस्टरला कोकरू टेबलावर आल्यामुळे उत्तर अर्धवट राहतं. आज सांगूनच टाकतो. युरोपातल्या प्रत्येक देशात माझ्यासारखी काही माणसं दर वर्षी बसून शे-दोनशे प्रश्नांची उत्तरं लिहितात. वर्तमानपत्रं कोणाच्या मालकीची, रेडिओ कोणाचा, मालकाचा हात संपादकाच्या लेखणीपर्यंत पोचतो का, सरकारी जाहिराती कोणाला मिळतात, बातमीदार संध्याकाळी धडपणे घरी येतो का, असले प्रश्न. उत्तरांवरून मग एक आकडा निघतो आणि त्या देशातल्या बातमीला कमी धोका आहे, मध्यम आहे की जास्त, ते ठरतं. (तुम्ही पेटीसाठी माप घेता तसंच, फक्त आम्ही माणूस जिवंत असताना घेतो.) या वर्षी एखाद्या लहान गावात प्रत्यक्ष जाऊन पाहायचं होतं. मी कामेनब्रोद निवडलं, कारण कागदावर ते फार गोजिरं दिसत होतं. एवढ्याशा गावात एक साप्ताहिक, एक रेडिओ आणि एक बातम्यांचं संकेतस्थळ. मी सोफियाहून निघतानाच मनात 'कमी धोका' लिहून टाकलं होतं आणि त्या हिशेबाने मोज्यांचा एकच जोड बरोबर घेतला होता.

इथे पोचल्यावर कळलं की साप्ताहिक, रेडिओ आणि संकेतस्थळ हे तिन्ही सिमेंटच्या एका दुकानाच्या माडीवर, एकाच खोलीत राहतात. दुकान नगराध्यक्षांच्या मेव्हण्याचं. खोलीत एक बाई बसते. ती सकाळी नगराध्यक्षांनी काय केलं ते लिहिते, दुपारी तेच माइकसमोर वाचते आणि संध्याकाळी तेच संकेतस्थळावर टाकते. (बाई स्वभावाने चांगली आहे. तिने मला कॉफी दिली आणि तिन्ही संपादकांच्या वतीने एकदमच स्वागत केलं.) आमच्या नियमाप्रमाणे सगळ्या बाजू ऐकायच्या असतात, म्हणून मी नगराध्यक्ष त्रायको यांनाही भेटायला गेलो. ते मला थेट जेवायलाच घेऊन गेले. माणूस मोकळा, गुबगुबीत, स्वतःच्या हाताने वाढणारा. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा विषय काढताच त्यांनी काटा खाली ठेवला आणि खऱ्याखुऱ्या अभिमानाने म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे तीन माध्यमं आहेत आणि तिघांचं अगदी एकमत आहे. एवढी शांतता युरोपात दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखवा." कोकरू अप्रतिम होतं. मी दुसऱ्यांदा घेतलं, आणि माझा घात तिथेच झाला.

जेवून, थोडी झोप काढून मी चौकात फिरायला निघालो, तर लिंडनच्या झाडाभोवती माणसं टोप्या काढून उभी. नवं शोकपत्रक लागलेलं दिसत होतं. कोण गेलं म्हणून मीही टोपी काढून पुढे झालो, तर काळ्या चौकटीत माझा फोटो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा, लाल टायचा, ज्यात मी थोडा बरा दिसतो. खाली छापलं होतं: 'अत्यंत दुःखाने कळवतो की सोफियाहून आलेली आमची आशा, डॉ. यासेन पोपदिमित्रोव, आज दुपारी नगराध्यक्षांच्या टेबलावर, कोकराच्या दुसऱ्या वाढीनंतर, शांतपणे आम्हाला सोडून गेली. शोकाकुल: समस्त वाचक.' शेजारच्या बाईने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि पिशवी सावरत निघून गेली. बसथांब्यावर तेच पत्रक, बेकरीच्या दारावर तेच, मी उतरलो होतो त्या घराच्या फाटकावरही तेच. (तुमच्यापर्यंत पोचलेला फोटो आईच्या ओळखीच्या एका बाईंनी बसमधून काढला, तो बसथांब्यावरचा. धावत्या बसमधून त्यांना चौकट आणि टाय तेवढे दिसले, मजकूर दिसला नाही. त्यामुळे त्यांना दोष देत नाही.)

आता तुम्हाला मी शोकपत्रक काय शिकवणार, मामा? तुमचं आयुष्य ते छापण्यात गेलं. आपल्याकडे माणूस गेला की कागद झाडावर लागतो, तिसऱ्या दिवशी, नवव्या दिवशी, चाळिसाव्याला पुन्हा लागतो, मग सहा महिन्यांनी, मग दर वर्षी. आणि तो कोणी फाडत नाही. ऊन-पाऊस त्याचं काय करायचं ते करतो, पण माणसाचा हात त्याला लागत नाही. हे मी लहानपणापासून पाहतो आहे, माझ्या वडिलांचं पत्रक तुमच्या हाताने चिकटवलेलं पाहिलं आहे. पण मी एवढा शिकलेला, माध्यमांच्या वितरणव्यवस्थेवर तीन भाषणं दिलेला माणूस, आणि या देशातला न फाडला जाणारा एकमेव कागद तोच आहे हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. ते कामेनब्रोदच्या नेद्याल्काबाईंच्या डोक्यात आलं.

या नेद्याल्काबाई पूर्वी त्या साप्ताहिकात बातमीदार होत्या. मेव्हण्याने साप्ताहिक विकत घेतलं, बाईंनी नदीवरच्या अर्धवट पुलाबद्दल प्रश्न विचारला आणि लगेच घरी बसल्या. मग त्यांनी बातम्यांची साधी पत्रकं चिकटवून पाहिली. पोस्टरला नगरपालिकेची परवानगी लागते, म्हणून ती खळ वाळायच्या आत उतरवली जात. शेवटी पोटासाठी त्या स्लावीकाकांच्या अंत्यविधीच्या दुकानात शोकपत्रकं टाइप करायला लागल्या, आणि एके दिवशी त्यांनी माणसाऐवजी पुलाचंच शोकपत्रक काढलं: 'कोवळ्या वयात, दुसऱ्या खांबापाशी असताना निधन.' नगराध्यक्षांचे लोक फाडायला आले, पण काळी चौकट आणि क्रूस पाहून हात आखडून उभे राहिले. तेवढ्यात नगराध्यक्षांची स्वतःची आई, गेनाआजी, काठी टेकत आली, तिने पत्रकासमोर मेणबत्ती लावली आणि मुलाला निरोप पाठवला की यातल्या एका कागदाला जरी हात लावलास तर मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. (आजीला वाचता येतं. मी खात्री करून घेतली.) तेव्हापासून कामेनब्रोदची खरी बातमी झाडावर लागते. शाळेच्या बंबाचं निधन झालं, दवाखान्यातल्या डॉक्टरच्या जागेचं झालं, पाण्याच्या नव्या नळाचं झालं. पुलाच्या चाळिसाव्या दिवशी लोकांनी नदीकाठी जाऊन उकडलेले गहू वाटले. मामा, बातमीचा पाठपुरावा, पाठपुरावा म्हणून आम्ही परिषदांमधून कंठशोष करतो, आणि इथे सबंध गाव तोंडात गव्हाचा घास घेऊन पाठपुरावा करत होतं. मी हे ऐकलं तेव्हा माझा आ वासलेला होता, तो लिहिताना अजून पुरता मिटलेला नाही.

पण हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी रागाने लाल होऊन स्लावीकाकांच्या दुकानात घुसलो होतो. पेट्यांच्या मागे एक किडकिडीत, चष्मेवाल्या बाई टाइप करत होत्या. मी म्हटलं, मी जिवंत आहे. त्यांनी वर न पाहता म्हटलं, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. मी म्हटलं, मी नियमाप्रमाणे सर्व बाजू ऐकायला गेलो होतो, विकला गेलो नव्हतो. बाईंनी विचारलं, कोकरू दुसऱ्यांदा घेतलंत की नाही? (ही बातमी दोघांनी स्वतंत्रपणे सांगितल्याशिवाय त्यांनी छापली नव्हती. शोकपत्रकात खोटं लिहिणं पाप, म्हणून त्या प्रत्येक गोष्ट दोनदा पडताळतात. वाढप्याने सांगितलं होतं, आणि स्वयंपाकिणीनेही.) तेव्हा मी माझा हुकमी एक्का काढला. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्नच आहे, की ज्याच्याविरुद्ध छापलं त्याला खुलासा करायचा हक्क मिळतो का. मी सगळ्या देशाला हा प्रश्न विचारतो, आज स्वतःसाठी विचारला. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली, माझ्या वहीतली उत्तरं तासभर वाचली, चार ठिकाणी चुका काढल्या, आणि दिवेलागणीच्या आत लिंडनवर नवं पत्रक लागलं: 'डॉ. पोपदिमित्रोव यांच्याविषयीच्या आमच्या संशयाचं अल्पवयात निधन. मागे धाकटी बहीण सावधगिरी आहे.' माझ्या ओळखीच्या एकाही मोठ्या वर्तमानपत्राने कोणाला इतक्या लवकर आणि इतक्या ठळक जागी न्याय दिलेला मला आठवत नाही.

मग प्रश्न आला तो हे सगळं अहवालात कसं लिहायचं. मी मुख्य कचेरीत फोन लावला. तिथे एक अतिशय सौजन्यशील पोर्तुगीज बाई आहेत. त्यांनी विचारलं, या माध्यमाचा मालक कोण. मी सांगितलं, पेट्या विकतो. खप किती? झाडांइतका. वाचकवर्ग कोणता? अजून गेलेला नाही तो. मग त्या हळूच म्हणाल्या की आपल्या पद्धतीत याला रकाना नाही, पण मला त्याचा एक फोटो पाठवाल का, माझ्या भिंतीसाठी. (नेद्याल्काबाईंना विचारलं, हे अहवालात आलं तर तुम्हाला त्रास होईल का. त्या म्हणाल्या, ज्यांच्यापासून त्रास व्हायचा ते रोज टोपी काढून वाचतात.)

असा हा खुलासा. मामींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. थंडी पडायला लागली आहे, छातीला लोकर बांधत जा.

तुमचा भाचा,
यासेन

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. नगराध्यक्षांना फाडता येत नाही आणि बंदीही घालता येत नाही, म्हणून त्यांनी तिसरा मार्ग काढला आहे. मेव्हणा आता स्लावीकाकांचं दुकानच विकत घेतो आहे. तसं झालं की गावातली चारही माध्यमं एका हातात जातील, आणि माझा तो धोक्याचा आकडा इतका वर जाईल की त्यापलीकडे मोजायची सोयच नाही. काकांना मूलबाळ नाही आणि गुडघे कामातून गेले आहेत. नेद्याल्काबाईंकडे ना परवाना ना भांडवल. काका मला म्हणाले, "पोरा, माणसं मरायची थांबत नाहीत, पण माझ्याने आता पेटी उचलवत नाही. धंद्यातला कोणी भला माणूस आणलास तर मेव्हण्याला नाही म्हणेन. नाहीतर सणाच्या दिवशी सही करतो." मामा, या धंद्यातला मला ओळखीचा भला माणूस एकच आहे. तुमची एखादी शाखा इथे निघाली तर गावाचं वर्तमानपत्र वाचेल. नेद्याल्काबाईंना कामावर ठेवायचं आणि त्या काय टाइप करतात तिकडे पाहायचं नाही, एवढीच अट. (विनंती विशेष नाही असं मी वर लिहिलं, ते भिडेपोटी.)

ता. क. २. पत्र बंद करून टपालात टाकणार होतो, ते पुन्हा उघडलं. आज सकाळी लिंडनवर स्लावीकाकांचं शोकपत्रक लागलं. फोटो, नाव, वय, आणि शोकाकुल म्हणून बायकोचं नाव. झाडाखाली ही गर्दी जमली, मीही होतो. कोणी रडेना. लोक पत्रक वाचत, मागे सरकत, पुन्हा पुढे होऊन वाचत. दुकान विकलं गेलं, ही तीच बातमी असणार, काकांनी सही केली असणार, अशी कुजबूज चालली होती आणि जो तो आत काय दडलंय ते शोधत होता. शेवटी नेद्याल्काबाई दुकानातून आल्या, हाताला खळ तशीच लागलेली. त्या म्हणाल्या, "शोधू नका. आज आत फक्त काकाच आहेत." मग गेनाआजी मोठ्याने रडायला लागली आणि तिच्यामागून सगळा चौक.

सही झालेली नाही, मामा. दुकान आता काकूंचं, आणि त्या म्हणतात, नववा दिवस होईपर्यंत कोणाशी बोलणार नाही. त्याच्या आत या.