फादीचे हातमोजे

३ नोव्हेंबर
आज कामावर रुजू झाले. अलेक्झांड्रियाच्या बंदराजवळची प्रयोगशाळा. खिडकीतून समुद्र दिसतो. टेबल फादीचंच मिळालं. फादीला, माझ्या भावाला, जाऊन अकरा दिवस झाले. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलंय, हृदय दुर्बळ. बाटल्या धुणाऱ्या वदीदाबाईंनी रोटीत भरलेले वालाचे वडे पुढे केले. म्हणाल्या, "खा पोरी, काळ्या कपड्यांनी पोट भरत नाही." खूप दिवसांनी हसू आलं.

५ नोव्हेंबर
काम समजलं. बोरोहायड्राइड हे क्षपण करणारं मीठ टोल्युईन या द्रावकात विरघळत नाही, रेतीसारखं तळाशी बसतं. कड्याच्या आकाराचा एक रेणू घातला, की तो मिठातल्या सोडियमला पोटात घेतो आणि द्रावकात ओढून नेतो. प्रमुख डॉ. शुक्री म्हणाले, "हा दलाल कातडीतूनसुद्धा आत शिरतो बरं."

खुंटीवर फादीचे हातमोजे होते, नाव लिहिलेले. मेलेल्याच्या वस्तू चाळिसाव्या दिवसापर्यंत आम्ही कुणाला देत नाही. म्हणून मीच घालू का, असं विचारलं. शुक्री म्हणाले, "घाल की. भावाचा हात हातात राहील."

९ नोव्हेंबर
मोजे आतून ओलसर आहेत. फादीचा घाम असेल. म्हणून वाळवले नाहीत.

१४ नोव्हेंबर
बोटांची टोकं बधिर. चहाचा पेला बशीवर वाजत होता. वदीदाबाई ओरडल्या, "काढ ते मेले मोजे! त्याचाही पेला असाच —" शुक्री आत आले. त्या बाटल्यांकडे वळल्या.

१७ नोव्हेंबर
फादीची वही सापडली. मोजे घामाने नाही, द्रावणाने आतून भिजतात, नवे तीनदा मागितले, असं लिहिलंय. पुढे अक्षर वाकडं होत गेलंय. खाली शुक्रींचं अक्षर: 'भाऊ — सतरावा दिवस, संपला.' त्याखाली, ओली शाई: 'बहीण — तेरावा.'

१८ नोव्हेंबर
मोजे काढले. रजा मागितली. शुक्री हसले. "आत गेलेलं बाहेर येत नाही, बाई."
वदीदाबाईंना कामावरून काढलं.

२० नोव्हेंबर
रविवारी नवी मुलगी येतेय. शुक्रींनी मोजे खुंटीवरच ठेवायला सांगितलंय. मी ते कापून टाकणार होते. कात्री बोटांत — धरवत नाही. दोनदा पडली —

२१ नोव्हेंबर
आज सतरावा.
मोजे दातांनी फाडले. चिंध्या समुद्रात.
घरी आले. साबण लावून हात धुतले. पुसले. अजून ओलेच आहेत. पुन्हा धुते —