मी येईपर्यंत पुरतील

पिंपळगाव राजा,
ता. ८ ऑगस्ट १९६५

सेवेशी साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या पायी गावातल्या बायकांनी मला धारेवर धरलं आहे. श्रावण लागला, हिरव्या बांगड्यांसाठी दुकानात झुंबड, आणि तुमच्या जागेवर बसलेत मामंजी. त्यांची नजर आता अधू झाली. मनगट सोडून कोपराकडे बघतात, माप ठरवतात, आणि मग बाई किंचाळते. परवा जनकाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, की माणिक भरे त समजेबी नाही, अन् म्हतारा भरते त बोंबलाले होते. मामंजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

माझं म्हणाल तर मी अजून तुमच्या बढाईची शिक्षा भोगते आहे. चैत्रात सुट्टी संपवून पलटणीत निघालात त्या सकाळी ओट्यावर बसवून माझ्या दोन्ही हातांत सहा-सहा भरल्यात, आणि वर ऐट अशी की, मी येईपर्यंत पुरतील, नाही पुरल्या तर मला कासार म्हणू नकोस. तेव्हापासून मी भांडीसुद्धा लेकरू न्हाऊ घालावं तशी घासते. तरी डाव्या हातातल्या तीन वाढल्या. कासाराची सून आहे, फुटल्या म्हणत नाही.

आत्याबाई रोज विचारतात, काऊन व शालू, घरात पेट्या भरल्या अन् तुह्याच हाताले दुष्काय काऊन? आता मामंजी सुनेचा हात धरणार नाहीत, आणि खामगावच्या कासाराकडे गेले तर आपल्या दुकानाचं नाक जाईल. सासूपणा विसरून आत्याबाई स्वतः भरून द्यायला तयार आहेत. पण तुमचा शब्द मला मोडायचा नाही. तेव्हा लवकर या.

लोभ असावा. तो वाढावा असं सगळे लिहितात, पण आपल्या घरी बांगडी फुटली तरी वाढली आणि दुकान बंद केलं तरी वाढवलं, म्हणून मी लिहीत नाही. आहे तेवढा असू द्या.

तुमची,
सौ. शालू


मुक्काम सांगायची मनाई,
ता. २५ ऑगस्ट १९६५

सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोठ्याने वाचलं, ही चूक झाली. आता सगळी तुकडी बाबांच्या कोपराच्या मापावर हसते.

इथे मला चूडीवाला म्हणतात, त्याची हकीकत तुला सांगायची राहिली होती. नवा भरती झालो तेव्हा कवायतीला माझी बंदूक खांद्यावरून घसरली. उस्ताद अंगावर ओरडले, की हातात बांगड्या भरल्या आहेत काय. मी मान खाली घालून उभा होतो, पण बांगड्या भरायचं नाव निघालं आणि सवयीने तोंडातून गेलं, की माप दाखवा. सगळं मैदान हसलं. मग मला बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ज्या मालावर आपल्या तीन पिढ्यांचं पोट चाललं त्याची इथे शिवी होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पण त्याच मालाने इज्जतही दिली. आम्ही ट्रकमधून रसद पोचवतो. मी पेंढा घालून बांधलेल्या औषधांच्या बाटल्या फुटत नाहीत असं साहेबांच्या ध्यानात आलं, तेव्हापासून काचेचं म्हणून जे जे असेल ते माझ्या हवाली. ट्रक चालवतो तो साळोखे, कोल्हापूरचा. मनाने चांगला, पण दर वाक्यात लई म्हणतो.

तीन वाढल्या त्यात माझ्या मालाचा दोष नाही, तुझ्या कामाच्या झपाट्याचा आहे. उरलेल्या जप. इकडे हालचाल वाढली आहे, ही मात्र खरोखरची वाढली. पत्राला उशीर झाला तर घाबरू नये.

माय-बाबांना दंडवत. लोभ आहेच, तो पेंढ्यात बांधून ठेवावा.

तुझा,
माणिक


पिंपळगाव राजा,
ता. २० सप्टेंबर १९६५

सेवेशी साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र नाही. घाबरू नये असं लिहिलंत, म्हणून पहिले काही दिवस घाबरले नाही. आता मात्र संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर सगळा गाव उभा राहतो आणि मी मागे मारुतीच्या पाराआड. दुकानात बायका येतात. मामंजींनी कितीही पिळला तरी हात मुकाट पुढे ठेवतात. ओरडत नाहीत, त्यामुळे दुकानात बसवत नाही.

काल विहिरीवर दोर हातातून सुटला आणि उजव्या हातातल्या चार एकदम वाढल्या. आवाज झाला तशी सगळी विहीर गप्प झाली. मी हसले, की तुमच्या कासाराचा माल कच्चा आहे. घरी येऊन माजघरात रडले. मला भीती वाटते. ती आणखी कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

मधे डाव्या हातातल्याही दोन गेल्या. आता दोन्ही हातांत मिळून तीन उरल्या. आत्याबाई पेटी घेऊन आल्या तर मी हात पदराखाली लपवले. त्या रागावल्या, मग पेटी मिटून म्हणाल्या, राहू दे बाई, माह्या पोराचा शब्द हाय, त्यालेच पुरा करू दे. आणि चुलीपुढे जाऊन बसल्या.

एक ओळ लिहा. जे काय असेल ते लिहा.

तुमची,
सौ. शालू


ता. २ ऑक्टोबर १९६५

सौ. वहिनीस, नव्हे, सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

मी इकडे लई मजेत आहे. लढाई थांबली. मला काय बी झालेलं नाही. पेन हरवलं म्हणून पत्राला उशीर झाला. जेवणखाण चांगलं आहे. इथल्या दवाखान्यात रोज दूध देतात, म्हणजे दवाखान्याशेजारी जे जेवणाचं लंगर आहे तिथं देतात.

एक गोष्ट महत्त्वाची. बांगड्या कुणाच्या बी हातनं भरून घ्याव्या. मी दिलेला शब्द माघारी घेतो. माझ्या येण्यावर काय बी अडवून ठेवू नये.

लोभ लई असावा.

आपला,
माणिक


पिंपळगाव राजा,
ता. ९ ऑक्टोबर १९६५

सेवेशी साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र आलं आणि घरात सण झाला. मामंजींनी साखर वाटली. मी पत्र पुन्हा वाचलं तेव्हा मात्र साखर तोंडातच राहिली.

तुमचं पेन हरवलं हे एक वेळ मान्य. पण बोली कुठे हरवली? बुलढाणा जिल्ह्याचा माणूस एका महिन्यात लई म्हणायला लागला, आणि लग्नाच्या बायकोला वहिनी! साळोखे भाऊजी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार. तुम्ही मोठ्या मनाने लिहिलंत, पण खोटं बोलायला तुम्ही अगदीच कच्चे आहात. पुढचं जरा मोठ्याने वाचा.

अहो, शब्द माघारी घेणारा माझा नवरा नव्हे. काय झालं ते स्वतःच्या हाताने लिहा. हातच राहिला नसेल तर तसं भाऊजींकडून लिहवा. मी वाचेन, आणि वाचून दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा सडा घालेन. न कळल्याने मात्र माझ्या हातून काही होत नाही.

माझ्या हातात एकच उरली आहे. ती मी दुसऱ्या कोणाच्या हातची भर घालून लपवणार नाही.

तुमची,
सौ. शालू


ता. १७ ऑक्टोबर १९६५

शालू,

हे डाव्या हाताचं अक्षर. हसू नकोस.

गोळी लागली असती तर सांगायला तरी बरं. ट्रकचं मागचं फळकूट निसटून उजव्या हातावर आलं. माझ्या हातात औषधांच्या बाटल्यांची पेटी होती. ती सोडली असती तर हात निघाला असता, पण काच सोडायची सवय नाही. बाटल्या शाबूत राहिल्या. उजवा अंगठा आणि दोन बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता वळायची नाहीत.

फौज घरी पाठवते आहे. पण बांगडी अंगठ्याने चढते, शालू. हात दाबून मऊ करायचा तो अंगठ्यानेच. येतो तो कासार म्हणून येत नाही, म्हणून शब्द माघारी घेतला.

बाबांची नजर तशी, माझा हात असा. तूच सांग, दुकान वाढवायचं का?

माणिक


पिंपळगाव राजा,
ता. ७ नोव्हेंबर १९६५

रा. रा. साळोखे भाऊजींस सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचे मित्र सुखरूप पोचले. त्यांच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, ते समोरासमोर द्यायचं होतं. एस. टी.तून उतरले ते उजवा हात खिशात घालून. दोन दिवस दुकानाची पायरी चढले नाहीत, मागच्या अंगणात पेंढा निवडत बसले.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुकान बायकांनी भरलं होतं. मी गिऱ्हाइकासारखी ओट्यावर जाऊन बसले आणि सांगितलं, की मला हात भरायचे आहेत, पण थोरल्या कासाराकडून नाही. बायका खिदळल्या. मामंजी गादीवरून उठले. आता जागा रिकामी आणि सगळ्यांची नजर आतल्या दाराकडे. यांना झक मारत यावं लागलं.

उजव्या तळव्यावर माझं मनगट ठेवलं आणि डाव्या अंगठ्याने हात दाबला, तोच उरलेली ती एक बांगडी त्यांच्याच हातात कडकन वाढली. भाऊजी, त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते उठायलाच निघाले होते. मी बोट धरून खाली बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की मी येईपर्यंत पुरतील असा शब्द होता. आलात ना? पुरली.

मग नव्या भरल्या. पहिल्या पाच वाढल्या, सहावी चढली. मला चांगलंच लागलं आणि मी लाज सोडून ओरडले. आत्याबाई दारातून डोळे पुसत म्हणाल्या, बोंबल व बाई, बोंबल, किती दिवस झाले या दुकानात कोनी बोंबललं नाही.

माझे हात भरून झाले तरी ते मान खाली घालूनच बसले होते. तेवढ्यात जनकाबाई, तीच ती सगळ्यांत जास्त कुरकुर करणारी, मला बाजूला सारून पुढ्यात येऊन बसली. यांनी वर पाहिलं, आणि सवयीने म्हणाले, माप दाखवा.

तिने हात पुढे केला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दुखलं तिला, पण घरी जाताना गल्लीभर सांगत गेली, की समजलंबी नाही.

तुमचं लग्न ठरलं की वहिनींना इकडे घेऊन या. थोडं दुखेल, पण तोवर डाव्या हाताला वळण लागलेलं असेल. लोभ आहेच, तो वाढावा. हे मात्र तुमच्या कोल्हापूरच्या अर्थाने वाचा, आमच्या दुकानाच्या नव्हे.

आपली,
सौ. शालू वहिनी