सर्वांना बसणारा कोट आणि एलिसेओचा कान

मी, ओर्तेन्सिया कार्कामो बारिया, वय सेहेचाळीस, अविवाहित, आचाओ गावातील फोटो स्टुडिओची मालकीण, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. बिघाड डोक्यात नसून पित्ताशयात आहे आणि ते येत्या मंगळवारी कास्त्रोच्या इस्पितळात काढायचे ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ शस्त्रक्रिया आहे. माझी बहीण नोल्फा म्हणते, किरकोळ गोष्टीसाठी मृत्युपत्र करणारी मी बेटावरची पहिलीच. पण आवराआवर केल्याशिवाय मला प्रवासाला निघता येत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर, लाकडाची चूल आणि मागचा बटाट्याचा वाफा नोल्फाला. आईचे शिवणयंत्रही तिलाच, जे तिने एकोणीस वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेले. ते परत मागण्याचा हक्क मी सोडते. हे लिहिताना मला फार उदार वाटले, म्हणून या वाक्यावर माझा पुरता विश्वास नाही.

कलम २. माझ्या सव्वीस रोजनिश्या नोल्फाने न वाचता चुलीत घालाव्यात. ती वाचणारच. निदान दार लावून वाचाव्यात.

कलम ३. वडिलांचा लाकडी कॅमेरा आणि काळा कोट वॉशिंग्टन ओहेदा यांना. हे गृहस्थ चौकापलीकडे यंत्रावर पाच मिनिटांत ओळखपत्राचे फोटो काढतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी गावच्या बिंगोच्या खेळात, ध्वनिक्षेपकावरून, आगीच्या बंबासाठी पैसे जमवणारा आमचा मदतीचा रविवार म्हणजे बंबवाल्यांच्या शिरस्त्राणाआडून केलेली माझी जाहिरात आहे असे सांगितले. मी अकरा वर्षे रागावले, कारण ते थोडे खरे होते. रविवारी फोटोला बसलेली माणसे लग्नालाही मलाच बोलावतात.

अट एकच. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, वडिलांनी घालून दिल्याप्रमाणे, येईल त्याचा फोटो काढावा. दारात शिरस्त्राण उलटे ठेवावे. त्यात कोण काय टाकतो ते बघू नये आणि जमेल ते सगळे आगीच्या बंबासाठी द्यावे. आमची घरे लाकडाची आहेत आणि आग विझवणारे सगळे बिनपगारी. भोंगा वाजला की बेकरीवाला मळलेले पीठ तसेच टाकून धावतो.

कोट जपावा. तो पाठीमागे उभा चिरलेला असून नाड्यांनी बांधायचा असतो, त्यामुळे जाड-बारीक कोणालाही बसतो. गेल्या पन्नास वर्षांत गावातला प्रत्येक पुरुष त्यात बसला आहे. थडग्यांवरच्या चिनीमातीच्या फोटोंतही तोच कोट आहे. दफनभूमीत गेले की वाटते, सगळे एकाच लग्नाला निघाले आहेत.

कलम ४. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. हे कलम मी तीनदा खोडले.

वडील वारल्यानंतरचा माझा पहिला रविवार, सन २००१. नाव्हेल्केन बंधू एकामागोमाग एक बसले: थोरले बाउतिस्ता, धाकटे एलिसेओ. चेहरे एकसारखे, फरक डाव्या कानाचा. एलिसेओचा अर्धा कान तरुणपणी होडीच्या दोराने नेला होता. त्यांचा फोटो घेताना मी फिल्मवरची झाकणपट्टी ओढायलाच विसरले, फिल्म कोरीच राहिली. कळले तेव्हा ते दक्षिणेला मासेमारीला गेले होते. वडिलांची खुर्ची मिळून तीन महिनेही झाले नव्हते, चूक सांगायला जीभ रेटेना. मी बाउतिस्तांच्या फोटोची दुसरी प्रत काढली आणि एलिसेओच्या पाकिटात घातली.

परत आल्यावर एलिसेओ फोटो घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ कान चाचपत उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, तुझा बाप नुसत्या सुरकुत्या पुसायचा. तू तर कान उगवलास." आणि जाताना शिरस्त्राणात आणखी एक नोट टाकली.

पुढच्या वर्षी रांग दुप्पट झाली. एकीला दात हवे होते, एकाला मान. त्या पैशातून नवा पंप आला आणि त्या पंपाने तीन घरे वाचवली. खोटे त्याने खरे होत नाही. पण घरे उभी आहेत. हे कोडे मला अठरा वर्षांत सुटलेले नाही.

एलिसेओ पाच वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या थडग्यावर त्यांच्या भावाचा चेहरा आहे. बाउतिस्ता २००१ नंतर कधीच फोटोला बसले नाहीत. दरवर्षी बोलावले की म्हणतात, "माझा झालाय." मी २००९च्या रोजनिशीत त्यांना चिक्कू म्हटले आहे. ते मागे घेते.

बाउतिस्ता या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून त्यांची फक्त माफी मागते. कायदा तिला मालमत्ता समजत नाही.

पुरवणी. वरील मजकूर नोटरींनी माझ्या स्टुडिओत तिन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. चौथे कलम संपल्यावर मी जमिनीकडे बघत होते.

बाउतिस्ता म्हणाले, "स्वतःचा कान माणूस ओळखत नाही होय?"

मग इतकी वर्षे बोलला का नाहीत, असे मी विचारले.

"अगं, जन्मभर तो डावी बाजू भिंतीला लावून बसायचा. त्या फोटोनंतर टेबलाच्या मधोमध बसायला लागला. त्याचा कान परत मागू का मी?"

मी म्हटले, मग तुमच्या थडग्यावर काय लावायचे? आत्ताच बसा, कॅमेरा तयार आहे.

"आज नाही. नोव्हेंबरात, रविवारी, रांगेत, सगळ्यांसारखा. आणि त्या वॉशिंग्टनपुढे मी कोट घालणार नाही. तूच यायचंस. तसं लिही, मग सही करतो."

मृत्युपत्र करणारीने जिवंत राहावे अशी अट मृत्युपत्रात चालत नाही, असे नोटरींनी समजावले. बाउतिस्तांनी पेनाला टोपण लावले.

म्हणून कलम ५. येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी स्वतः कॅमेऱ्यामागे हजर राहीन आणि झाकणपट्टी ओढीन. हे कलम कायद्याने पोकळ आहे असे मला सांगण्यात आले आहे. ते तसेच ठेवावे.

आचाओ, किंचाओ बेट. दिनांक १४ मार्च २०१९.

सही: ओर्तेन्सिया कार्कामो बारिया

साक्षीदार:
१. रुपेर्तो मान्सिया, होडीवाले
२. एल्बा बार्गास, शिक्षिका
३. बाउतिस्ता नाव्हेल्केन, निवृत्त मासेमार (सही कलम ५ लिहून झाल्यावर केली)