वाढू नको म्हणणारी गोळी

पलूस, मंगळवार, १९९८

आधी आत शिरली ती सुमी, माझी नात. मिरजेला डॉक्टरकी शिकते पोरगी! मागनं तिचा बाप, माझा थोरला. आनंदात मी चहात दोनदा साखर घातली.

सुमीनं ह्यांच्या छातीचा फोटो उजेडात धरला. "आबा, काळीज वाढलंय."

हे हसले, "पैलवानाचं हाय, मोठंच असणार."

"आवं, जोर काढून दंड वाढला तर ताकद. रक्ताच्या दाबाचा बोजा काळजावर रोज पडला, की अंगातनंच त्याला निरोप जातात, वाढ, जाड हो. जाड झालं की ताठतं, मग दमतं. तुमची गोळी तो निरोपच अडवते."

ती गोळी! कोरड्या खोकल्यानं हे हैराण, म्हणून दोन महिने मीच बंद केलेली. हुलग्याच्या डब्यात लपवली आणि ज्येष्ठमधाचा काढा पाजला. खोकला गेला म्हणून गल्लीभर मिरवले. आणि आत निरोप जातच होते, वाढ, वाढ. माझ्याच हातानं झालं का हे?

चुलीपाशी सुमीला सगळं सांगितलं. ओरडली न्हाई. "खोकला गोळीनंच येतो, आज्जी. डॉक्टरांना विचारून दुसरी आणते. तवर हीच दे, खोकू दे."

"वाढलेलं कमी होईल का गं?"

"थोडं."

थोडं म्हणजे किती, ते विचारायचा धीर झाला न्हाई.

डब्यातली गोळी काढून ह्यांना दिली. आता ओट्यावर बसून ह्यांच्या खोकल्याची वाट बघतेय.

दुसरी गोळी घेऊन गुरुवारी येतो म्हणालेत दोघं बापलेक.