विष्णु टेलर्सचा बोर्ड पडल्याबद्दल

मु. अष्टमी, रोहा
शुक्रवार

तीर्थस्वरूप दादा,

पद्मजाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, वहिनींची साखर ताब्यात आहे का, अनन्याला नवी नोकरी मानवली का, ते सवडीने कळव. तुमच्या रामवाडीला हायवेची धूळ फार, खिडक्या लावून घेत जा. आम्ही इथे सुखरूप आहोत. हे नुसतं रीत म्हणून लिहीत नाही, कारण मंगळवारी दुपारी आपल्या दुकानाचा बोर्ड पत्र्याच्या शेडसकट खाली आला.

हो, तोच. गेल्या पाडव्याला तू पेणहून टेम्पोत घालून आणलास तो, सोळा फुटी, लोखंडी सांगाड्याचा. दुकान आपलं अकरा फुटांचं (उरलेले पाच फूट तुझं नाव शेजारच्या सुलेमानभाईंच्या भांड्यांवर मिरवत होतं). वेल्डिंगवाला मोरू सांगत होता, कॉलमला भोकं पाडून बोल्ट मारू. मीही तेच म्हणत होते. तू मला चहा टाकायला सांगितलास आणि त्याला म्हणालास, बाबांच्या भिंतीला भोक पाडायचं नाही. त्या भिंतीला बाबांनी कॅलेंडरांसाठी स्वतः चौदा खिळे ठोकलेत. पण तू मुख्याध्यापक, आणि मोरू तुझ्याच शाळेत नापास झालेला. मग सांगाडा वरच्या गॅलरीच्या गजांना तारेने बांधला, शेड दाराच्या जुन्या लाकडी चौकटीवर टेकवली, नारळ फोडला, लिंबू-मिरची टांगली आणि तू चारच्या गाडीने गेलास. लिंबू-मिरची शाबूत आहे.

सुलेमानभाईंच्या नूरबानोभाभी ब्लाउजचं माप देऊन नुकत्याच पायऱ्या उतरल्या होत्या. मागे आवाज झाला तशा त्या तिथेच खाली बसल्या. पाणी पाजल्यावर म्हणाल्या, "बटणांचं बोलत अजून थांबले असते ना, तर ब्लाउज राहिलं असतं, कफनाचं माप घेतलं असतंस गो." मी हसले. मग आत जाऊन त्यांचं माप वहीत दोनदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पालिकेतला अमोल नोटीस घेऊन आला. बोर्ड दुकानाच्या रुंदीबाहेर नको, शेडखालून माणूस न वाकता जायला हवा, सांगाडा कॉलमला बोल्टने पक्का हवा, इंजिनिअरचा दाखला हवा. सगळं रास्त आहे. वाचताना वाटलं, कुणीतरी पहिल्यांदाच माझं म्हणणं लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, "विष्णुशेठ कुठायत? सही त्यांची लागेल. लायसन त्यांच्या नावावर हाय." मी म्हटलं, पेणला असतात. "मग तुम्ही कोण?"

दादा, धाटावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका मला विष्णुबाई म्हणतात. काहींना मी तुझी बायको वाटते (वहिनींना सांगू नकोस). दुकान सांभाळतेय त्या तेवीस वर्षांत मी कुणाला दुरुस्त केलं नाही. पण अमोलच्या लग्नात त्याच्या बायकोचं ब्लाउज मी शिवलंय, आणि तोच मला विचारतो, तुम्ही कोण.

बाबांनी दुकान काढलं तेव्हा तू पाचवीत होतास, म्हणून तुझं नाव दिलं. मी जन्मलेच नव्हते, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? बाबा गेल्यावर लायसनही तुझ्या नावावर झालं, कारण बोर्डावर तेच होतं. आता इंजिनिअरने आठ फुटांचा हलका बोर्ड सुचवलाय. त्यावर एकच नाव नीट मावतं.

वहिनींना नमस्कार, अनन्याला आशीर्वाद.

तुझी धाकटी,
पद्मजा

ता. क. लायसन माझ्या नावावर करायला तुझी संमती लागते. कागद सोबत आहे. फुली केली आहे तिथे सही कर. मुदत बुधवारी संपते.

ता. क. २. सही करावीशी वाटली नाही तरी माझा राग नाही. मग सोमवारी सकाळी येऊन दुकान तूच उघड. धाटावची रात्रपाळी सुटलेल्या बायका तेव्हाच माप द्यायला येतात. टेप घेऊन उभे राहिलेले मुख्याध्यापक त्यांना चालतील का, ते मी अजून विचारलेलं नाही.